न समजलेली ओळही मोजणारी भाषा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषा शिकाव्यात यावर नुकताच लेख आला. पायथन, जावा आणि गो यांच्याविषयी त्यात सविस्तर लिहिलं होतं आणि ते योग्यच होतं. हास्केलची मात्र एका वाक्यात बोळवण झाली: ही संशोधकांची भाषा, रोजच्या कामात तिचा उपयोग नाही, अशा अर्थाच्या. त्या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र. मी संशोधक नाही. सर्व्हर सांभाळणं, रात्री काही बंद पडलं तर उठून ते चालू करणं आणि सकाळी त्याचं कारण सांगणं, हे माझं काम. त्यातला सगळ्यात कंटाळवाणा समजला जाणारा भाग म्हणजे लॉग, अर्थात सर्व्हर आपल्या प्रत्येक कामाची जी नोंदवही ठेवतो ती, वाचणं. आमच्याकडे तो भाग हास्केलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम करतो आणि चोख करतो.

मी ज्या कंपनीत आहे ती हडपसरच्या बाजूला आहे. पतसंस्था आणि गृहनिर्माण सोसायट्यांसाठी ऑनलाइन भरण्याची व्यवस्था आम्ही चालवतो. सभासद मोबाइलवरून मेंटेनन्स भरतो किंवा कर्जाचा हप्ता भरतो. त्या एका भरण्यामागे एंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ पडते, आमच्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये तीन-चार, आणि पावतीचा एसएमएस गेला की तिसऱ्याच फाइलमध्ये आणखी एक. मार्चअखेरीला या फाइली कित्येक गिगाबाइटच्या होतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सगळ्या यंत्रणांचे मागच्या १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात आणि सायबर सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्यामुळे लॉग साठवले तर सगळीकडेच जातात. ६ तासांत त्यांतून खरं उत्तर निघेल अशा रीतीने ते वाचले जातात का, हे फारसं कुणी विचारत नाही.

आमच्याकडे पूर्वापार चालत आलेली ऑकची एक स्क्रिप्ट होती. ऑक हे १९७७ सालचं, बेल लॅब्जमध्ये तयार झालेलं युनिक्सवरचं साधन. आजही ते मी दिवसातून अनेकदा वापरते आणि त्याबद्दल मला आदर आहे. एंजिनएक्सची नेहमीची ओळ अशी असते: आधी आयपी पत्ता, मग एक आडवी रेघ, मग युजरचं नाव किंवा पुन्हा रेघ, चौकोनी कंसात तारीख, वेळ आणि टाइमझोन, दुहेरी अवतरणात ब्राउझरची मागणी, त्यानंतर मागणीचं काय झालं ते सांगणारा तीन आकडी स्टेटस कोड आणि किती बाइट पाठवले तो आकडा. ऑक मोकळ्या जागेवर ओळ तोडतो. त्या हिशेबाने स्टेटस हा नववा शब्द येतो, आणि जगभरातल्या हजारो स्क्रिप्टांमध्ये ‘नववा शब्द घे आणि मोज’ एवढंच लिहिलेलं असतं.

ओळ सरळ असेल तोवर हे चालतं. पण साध्या एचटीटीपी पोर्टवर कुणी टीएलएसची, म्हणजे सांकेतिक जोडणीची, बोलणी सुरू केली, की मागणीच्या अवतरणात तीन नेटक्या शब्दांऐवजी \x16\x03\x01 असल्या खुणांचा एक सलग गोळा येतो, कधी त्यात मधेच मोकळी जागा असते. मग स्टेटस नववा राहत नाही, सातवा किंवा आठवा होतो, आणि नवव्या जागी भलतंच काही येतं. युजरच्या नावात मोकळी जागा असेल तर उलट घडतं, स्टेटस पुढे सरकतो. ऑक यावर तक्रार करत नाही. त्याला सांगितलेलं काम तो इमानेइतबारे करतो. अहवाल वेळेवर येतो आणि दिसायला नेहमीसारखाच दिसतो.

आमच्या अहवालात याहून मोठं भोक होतं. एका मार्चअखेरीला धनकवडीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. ‘ताई, आमच्या पाच-सहा जणांचे पैसे गेलेत आणि पावती कुणालाच नाही.’ अहवालात त्या दिवशी सर्व्हरचा दोष शून्य. एंजिनएक्सचा ४९९ नावाचा स्वतःचा एक कोड आहे, तो एचटीटीपीच्या प्रमाणित यादीत नाही. उत्तर तयार होण्याआधीच समोरच्याने जोडणी तोडली, असा त्याचा अर्थ. पैसे कापले गेले होते, पण पावतीचं पान येईपर्यंत मोबाइलने वाट पाहिली नाही. जुनी स्क्रिप्ट ४ ने सुरू होणारं सगळं ‘ग्राहकाची चूक’ या एकाच खान्यात टाकत होती, आणि तो खाना कुणी उघडून बघत नसे. चुकीचा पत्ता टाइप करणारा माणूस आणि पैसे भरून पावतीविना राहिलेला सभासद एकाच आकड्यात जमा होत होते.

त्यानंतर मी हे काम हास्केलमध्ये नव्याने लिहिलं. पहिल्या दिवशी एकही फाइल वाचली नाही, फक्त टाइप लिहिला: लॉगची ओळ कोणकोणत्या प्रकारची असू शकते? पूर्ण झालेली मागणी, सर्व्हरकडे बिघडलेली, ग्राहकाने मधेच सोडलेली, मुळात चुकीची, आणि पाचवा प्रकार, न समजलेली ओळ. हा पाचवा प्रकार सोबत मूळ बाइट जसेच्या तसे आणि फाइलमधला ओळक्रमांक बाळगतो. अ‍ॅटोपार्सेक नावाच्या तयार कोडच्या लायब्ररीवर लिहिलेला पार्सर, म्हणजे ओळीचे भाग ओळखून वेगळे करणारा कोड, प्रत्येक ओळीचं उत्तर दोनपैकी एका रूपात देतो: हे घे, वाचली, किंवा वाचता आली नाही, आणि इथे अडखळले. दुसऱ्या रूपाचं काय करायचं ते ठरवल्याशिवाय वाचलेली ओळ हातात पडतच नाही. तिथे टाकून द्यायचं असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं, आणि ते लिहिलेलं पुढच्या माणसाला दिसतं.

मला या भाषेबद्दल जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच. आमच्या अहवालाचा पहिला आकडा न समजलेल्या ओळींचा असतो. पाचही प्रकारांची बेरीज फाइलमधल्या एकूण ओळींइतकी आली नाही, तर अहवाल पाठवलाच जात नाही.

काही महिन्यांनी एसएमएसच्या लॉगमध्ये एक नवी अवस्था दिसू लागली: संदेश पोहोचला नाही, पण फसलाही नाही, रांगेत थांबला आहे. मी टाइपमध्ये एक नाव वाढवलं आणि कंपाइल केलं, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलायला दिला. आम्ही कंपायलरचे सगळे इशारे चालू ठेवून त्यांना चुकांचा दर्जा देतो. हे बदलण्याचं काम करणाऱ्या जीएचसी कंपायलरने ज्या ज्या फंक्शनमध्ये या नव्या अवस्थेचा विचार केलेला नव्हता, त्या सगळ्या जागा ओळक्रमांकासह समोर ठेवल्या. त्यातली एक महिन्याच्या बिलाच्या हिशेबात होती, तिथे मी आपणहून कधीच गेले नसते. अर्थात ही सुरक्षा फुकटची नाही. ‘बाकी सगळं’ असं सांगणारी अंडरस्कोरची पळवाट हास्केलमध्येही आहे, आणि ती घेतली की कंपायलर गप्प बसतो. म्हणून या टाइपवर ती पळवाट वापरायची नाही, असा आमच्या टीममध्ये नियम आहे. कोड तपासताना मी आधी तेच बघते.

मराठीत काम करणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते, कारण इंग्रजी उदाहरणांत ती येत नाही. आमचे बरेच सभासद नाव मराठीत टाइप करून शोधतात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘ज्ञा’ हे दिसायला एक अक्षर, पण आत ज, हलन्त, ञ आणि काना अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. वेब पत्त्यात ते टक्क्याच्या खुणांसह लिहिलं जातं, तेव्हा त्या एका अक्षराची ३६ अक्षरं होतात. आमचं ॲप्लिकेशन शोधाचा मजकूर ठरावीक बाइटांवर कापून लॉगमध्ये लिहितं, आणि ती कात्री अनेकदा अक्षराच्या मधोमध चालते. असा तुटका मजकूर सरळ उलगडायला गेलं तर प्रोग्रॅम कोसळतो. हास्केलच्या टेक्स्ट लायब्ररीत याच कामाचं दुसरं फंक्शन आहे. ते कोसळत नाही, ‘उलगडलं’ किंवा ‘उलगडलं नाही’ असं उत्तर हातात देतं. ते वापरलं की तुटकं नावही न समजलेल्या ओळींसारखंच रीतसर मोजलं जातं. २०२१ च्या अखेरीस आलेल्या टेक्स्टच्या २.० आवृत्तीपासून ही लायब्ररी आतूनही यूटीएफ-८ च वापरते. पूर्वी ती यूटीएफ-१६ वापरायची. देवनागरीला त्यामुळे एका चिन्हामागे २ ऐवजी ३ बाइट लागतात हे खरं, पण वाचताना आणि लिहिताना होणारं रूपांतर टळतं. आमच्यासारख्या कामात तो सौदा फायद्याचा ठरतो.

याच जातीची आणखी एक अडचण नव्या माणसाला हमखास छळते. प्रोग्रॅम हाताने चालवला की नीट चालतो, आणि रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या साधनातून, चालला की पहिल्याच मराठी नावाशी थांबतो. निरोप येतो की २२४ ने सुरू होणारे बाइट उलगडता आले नाहीत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये २२४ याच बाइटने सुरू होतं, म्हणून आकडा नेहमी तोच. कारण साधं आहे: आपल्या टर्मिनलमध्ये भाषेची सेटिंग यूटीएफ-८ असते, क्रॉनला ती मिळत नाही, आणि जीएचसी मजकूर वाचताना त्या सेटिंगवर विसंबतो. लॉग कायम कच्चे बाइट म्हणून वाचावेत आणि जो भाग माणसाला दाखवायचा तेवढाच मजकुरात उलगडावा, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

मेमरीबद्दल हास्केलची बदनामी आहे, आणि तिला आधार आहे. ही भाषा हिशेब लगेच करत नाही, गरज पडेपर्यंत पुढे ढकलते. लॉग वाचताना हा गुण हात देतो. लेझी बाइटस्ट्रिंगने, म्हणजे गरजेपुरतेच बाइट आणणाऱ्या प्रकाराने, उघडलेली प्रचंड फाइल साधारण ३२ किलोबाइटच्या तुकड्यांनी येते, वापरलेला तुकडा सुटतो, आणि थोड्याशा मेमरीत सगळी फाइल पार होते. मोजणीत मात्र तोच गुण अंगावर येतो. प्रत्येक आयपी पत्त्यापुढे ‘एक वाढव’ असं लिहिलं, तर बेरीज होत नाही, नुसत्या करायच्या बेरजा साचत राहतात, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारख्या. महिनाअखेरीला कुणी आकडा विचारला की सगळी वही एकदम सोडवावी लागते, आणि तोवर मेमरी भरलेली असते. उपाय एका ओळीचा आहे: मॅप, म्हणजे कोणत्या पत्त्यापुढे किती ही यादी, घ्यायचा तो स्ट्रिक्ट, म्हणजे हिशेब लगेच करणाऱ्या, जातीचा, आणि एकेक ओळ घेऊन बेरीज पुढे नेणारा फोल्डही स्ट्रिक्ट. २०२४ मध्ये आलेल्या जीएचसी ९.१० पासून तो फोल्ड प्रेल्यूडमध्येच, म्हणजे भाषेसोबत आपोआप येणाऱ्या संचातच, मिळतो, वेगळा आयात करावा लागत नाही. हे खूप आधी व्हायला हवं होतं, असं माझं मत.

दुसरा सापळा जास्त छुपा आहे. ओळीतून कापून काढलेला आयपी पत्ता ही नवी प्रत नसते, ती मूळ तुकड्यातल्या जागेची नुसती खूण असते. असा पंधरा बाइटांचा पत्ता मॅपमध्ये जपून ठेवला, की त्याच्यापायी ३२ किलोबाइटचा अख्खा तुकडा मेमरीत अडकून पडतो. पत्त्याची वेगळी प्रत काढून ती साठवली की काम झालं. या दोन गोष्टी कुणी पहिल्याच आठवड्यात सांगितल्या, तर हास्केल मेमरी खातं म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक कमी होतील.

अडचणी इतरही आहेत. पहिल्यांदा कंपाइल करताना सगळ्या लायब्ररी उतरून बांधल्या जाईपर्यंत चहा पिऊन होतो. नव्या मशीनवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) सर्व्हरवर नेला तर सुरूच होत नाही, त्यामुळे आम्ही आता तो अल्पाइन या छोट्या लिनक्सवर, जीलिबसीऐवजी मसल लायब्ररीसह, पूर्ण स्टॅटिक, म्हणजे लागणारं सगळं आतच भरून, बांधतो आणि एकच फाइल कॉपी करतो. पुण्यात पायथन येणारी मुलं हवी तेवढी मिळतात, हास्केल येणारं माणूस शोधायला गेलं तर नाकी नऊ येतात. आम्ही शोधणं सोडलं आणि शिकवायला लागलो. लातूरहून आलेला आमचा एक तरुण सहकारी सुरुवातीला हास्केलमधल्या एका अवघड समजल्या जाणाऱ्या कल्पनेवर अडून म्हणायचा, ‘मॅडम, मोनाड म्हणजे काय ते आधी समजावून सांगा, मग हात लावतो.’ मी त्याला एक पार्सर दिला आणि त्यात एक नवा रकाना वाढवायला सांगितला. त्याने वाढवला, चालवला, आणि मोनाडचा प्रश्न पुन्हा काढला नाही. तो आता नव्यांना शिकवतो. आणि एखाद्या वेळी चटकन एका फाइलमधून एक आकडा हवा असेल तर आम्ही दोघंही ऑकच चालवतो. रोज चालणारं आणि ज्याच्या आकड्यावर कुणाचे पैसे अवलंबून असतात, असं काम हास्केलला द्यावं.

आता संशोधकांच्या भाषेबद्दल. हास्केलचा जन्म संशोधकांच्या बैठकीतूनच झाला, १९८७ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला. पहिला अहवाल १९९० मध्ये निघाला आणि तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचं नाव भाषेला मिळालं. मात्र तेवढ्यावरच थांबणं योग्य नाही. शेल स्क्रिप्टांतल्या चुका दाखवणारं शेलचेक हिंजवडीपासून खराडीपर्यंत असंख्य टेबलांवर चालतं, ते हास्केलमध्ये लिहिलेलं आहे. एका प्रकारची कागदपत्रं दुसऱ्या प्रकारात बदलणारं पॅनडॉकही हास्केलमधलंच. फेसबुकने स्पॅम रोखणारी सिग्मा ही आपली यंत्रणा हास्केलमध्ये नव्याने लिहिली, आणि २०१५ मध्ये त्याविषयी लिहिताना ती सेकंदाला दहा लाखांहून जास्त विनंत्या हाताळते असं सांगितलं. आपल्या शेजारी बेंगळुरूत जसपे ही कंपनी पैशांच्या व्यवहारांसाठी हास्केल वापरते. ही सगळी रोजचीच कामं आहेत.

मग गैरसमज येतो कुठून? माझी भाची शहरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. तिची प्रयोगवही मी पाहिली. फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या नावाखाली फॅक्टोरियल, फिबोनाची आणि दोन ओळींचं क्विकसॉर्ट. तिन्ही सुंदर आहेत, आणि तिन्हींत बाहेरच्या जगातला एकही बाइट आत येत नाही. फाइल उघडायची वेळ येत नाही, बिघडलेली ओळ येत नाही, मेमरी संपत नाही. हे करून बाहेर पडलेल्या मुलीला हास्केल कोड्यात टाकणारा खेळ वाटला, तर दोष तिचा नाही. वाईट याचं वाटतं, की हीच मुलगी दोन वर्षांनी कुठल्यातरी रात्रपाळीत एखादा लॉग उघडून बसणार आहे, आणि ज्या हत्याराने तिचं काम सोपं झालं असतं त्याला ती कॉलेजात नमस्कार करून आलेली असेल.

म्हणून शहरातल्या कॉलेजांना माझी विनंती अशी, की या तीन प्रयोगांतला एक काढावा आणि त्या जागी लॉगची फाइल द्यावी. तीत काही ओळी अर्ध्यावर तुटलेल्या असाव्यात, काहींत टीएलएसचा कचरा असावा, काहींत मधोमध कापलेली मराठी नावं. विद्यार्थ्याने टाइप स्वतः ठरवावा, आणि त्याच्या अहवालातली बेरीज फाइलच्या एकूण ओळींशी जुळली तरच प्रयोगावर सही मिळावी. मग तीच फाइल शंभर पट मोठी करून द्यावी आणि मेमरी वाढत का जाते ते शोधायला सांगावं. यासाठी फक्त नेहमीची लॅब लागते. जीएचसी आणि लायब्ररी उतरवून प्रोग्रॅम बांधणारं कबाल दोन्ही मोफत आहेत, जीएचसीअप नावाच्या इन्स्टॉलरने एका आज्ञेत बसतात.

आयपी पत्ते आणि नावं बदललेली, पण बिघडलेल्या ओळी तशाच ठेवलेली सरावाची फाइल मी तयार केली आहे आणि ती बाहेर द्यायला आमच्या कंपनीने परवानगी दिली आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. कुणा विभागप्रमुखांनी किंवा शिक्षकांनी विचारणा केली तर तो त्यांना जरूर कळवावा. शनिवारी कॉलेजात येऊन मुलांसोबत बसायचीही माझी तयारी आहे.

आपली,
सहकारनगरची एक वाचक, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)